एकाच घरातले दोघे, एकच परजीवी, मग हृदय एकाचंच का बिघडलं? (चागास आजार)

खाडीकाठ_ठाणे
मंडळी, विषय लांबचा वाटेल, पण आता आमच्याच घरात आलाय. माझी वहिनी ब्राझीलची, गोयास राज्यातल्या खेड्यातली. दादा तिकडे नोकरीला होता, लग्न तिथेच झालं, आता दोघं घणसोलीला राहतात. वहिनीची आई आणि मामा यांना लहानपणीच चागास आजाराची लागण झाली. दोघं एकाच कुडाच्या घरात वाढले, एकाच खोलीत झोपायचे. मामाला पन्नाशीच्या आत पेसमेकर बसला. हृदय मोठं झालंय, एक जिना चढला की दम लागतो. वहिनीची आई सत्तरीला आलीय, रक्ततपासणी आजही पॉझिटिव्ह येते, पण ईसीजी आणि इको दोन्ही स्वच्छ, आणि बाई अजून शेतात राबते.

परजीवी एकच, घर एक, आईबापही एकच. मग असं का? हे जनुकांमुळे होतं का? की शरीराची प्रतिकारशक्तीच हृदयावर उलटते? वहिनीची तपासणी आजवर झालेली नाही आणि दोघं आता मुलाचा विचार करतायत, म्हणून घाईने विचारतोय. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

स्वातीतारा
हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. डास चावून होतो का हा? आपल्याकडे आहे? वाचतेय.

सूक्ष्मदर्शी
ठाण्यातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. विषय आवडीचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

स्वाती, डासाने नाही. ढेकणाच्या भाऊबंदांतला एक मोठा किडा असतो, दक्षिण आणि मध्य अमेरिकेत. दिवसा कुडाच्या भिंतीच्या भेगांत लपतो, रात्री झोपलेल्या माणसाचं रक्त पितो आणि पिता पिता तिथेच विष्ठा टाकतो. परजीवी त्या विष्ठेत असतो. माणूस झोपेत खाजवतो किंवा डोळा चोळतो आणि तो आत शिरतो. परजीवीचं नाव ट्रिपॅनोसोमा क्रूझी, एकपेशीय.

हा शोध वैद्यकाच्या इतिहासात वेगळा ठरतो, कारण किडा, परजीवी आणि माणसातला आजार या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने जुळवल्या. कार्लोस चागास हा तरुण डॉक्टर मिनास जेराइस राज्यात लासांस इथे रेल्वेच्या कामगारांमधला मलेरिया आटोक्यात आणायला गेला होता. १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात त्याला हा परजीवी दिसला. म्हणून आता १४ एप्रिल हा जागतिक चागास दिन पाळतात.

खाडीकाठ, तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट पुढे आहे. ही बेरेनिस सत्तरी ओलांडून जगली. म्हातारपणीही तिच्या रक्तात परजीवी सापडला, पण हृदय शाबूत होतं. म्हणजे वैद्यकाला माहीत झालेली या आजाराची पहिलीच रुग्ण तुमच्या वहिनीच्या आईसारखी होती. तुमचा प्रश्न या आजाराइतकाच जुना आहे.

बेलापूरकर
भारतात असे किडे आहेत का? आमच्या सोसायटीत पावसाळ्यात काय काय निघतं, आता झोप उडणार.

सूक्ष्मदर्शी
@बेलापूरकर, या कुळातले काही किडे भारतात आहेत. ट्रायाटोमा रुब्रोफॅसियाटा नावाची जात बंदरांच्या गावांतून जगभर पसरलीय, ती आपल्याकडेही सापडते. पण चागासचा परजीवी भारतातल्या किड्यांमध्ये प्रस्थापित झालेला नाही. निवांत झोपा. इथे धोका तिकडून आलेल्या माणसालाच, आणि त्याच्यापासून पुढे रक्तातून, अवयवदानातून किंवा आईकडून बाळाला. शेजारी बसून, एका ताटात जेवून हा पसरत नाही.

तोंडावाटे मात्र होतो. २००५ मध्ये ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात रस्त्यालगतच्या गाड्यांवरचा उसाचा रस पिऊन लोकांना लागण झाली होती. उसाबरोबर किडाही भरडला गेला होता.

बेलापूरकर
रसवंतीचं नाव काढलंत सर! आता चरकाजवळ उभा राहून ऊस उलटापालटा करून बघणार आणि रसवाला मला हाकलणार.

ईसीजी_ताई
मी वाशीला हृदयरोग विभागात तंत्रज्ञ आहे. पूर्वी एका जहाज कंपनीच्या खलाशांच्या तपासण्या आमच्याकडे व्हायच्या, त्यात एक बोलिव्हियाचा गृहस्थ आला होता. वय चाळिशीचं, तक्रार काही नाही. ईसीजीत उजवीकडची विद्युतवाहिनी अडलेली आणि डावीकडची पुढची फांदीही अडलेली. आमच्या डॉक्टरांनी पट्टी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, हा माणूस कुठल्या देशाचा? दक्षिण अमेरिकेच्या माणसात ही जोडी दिसली की चागास मनात यायलाच हवा, हे तेव्हा कळलं. पुढे इकोत डाव्या कप्प्याच्या टोकाशी छोटासा फुगा दिसला. तिथे गुठळी होऊ शकते आणि तीच मेंदूकडे गेली तर पक्षाघात.

मामांना पेसमेकर लागला तो याच वाहिन्यांमुळे. स्नायूत दाह, मग तिथे व्रणासारखे तंतू, आणि ते तंतू विजेची वाट अडवतात. खाडीकाठ दादा, वहिनींचा साधा ईसीजी आधी काढून घ्या. ठाण्यात-वाशीत कुठेही होतो, पैसेही फार पडत नाहीत.

नौपाड्याचे_आजोबा
माझ्या मते मूळ प्रश्न प्रतिकारशक्तीचा. मामांची कमी असेल, बहिणीची चांगली असेल. शेतात काम करणारी बाई, सकस खाणारी. आमच्याकडे रोज सकाळी गुळवेलीचा काढा असतो, या वयातही मी तलावपाळीला फेऱ्या मारतो.

रक्तपेशी
आजोबा, तुमच्या फेऱ्या अशाच चालू राहोत. पण या आजारात गणित वेगळं आहे, आणि ते नीट सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण "प्रतिकारशक्ती वाढवा" असं म्हणून लोक भलतंच काहीतरी घेतात. मी खारघरला प्रयोगशाळेत टी-पेशींवर (प्रतिकार यंत्रणेच्या लढवय्या पेशी) काम करते. चागासवर नाही, पण या क्षेत्रातलं वाचते.

लागण झाल्यावर पहिले दीड-दोन महिने परजीवी रक्तात भरपूर असतो. ताप, अंगदुखी, कधी एका डोळ्याची पापणी सुजते, कधी काहीच नाही. मग प्रतिकार यंत्रणा त्याला दाबते. पूर्ण मारत नाही. तो स्नायूंच्या पेशींत शिरून राहतो, विशेषतः हृदयाच्या आणि आतड्याच्या. पुढे १० ते ३० वर्षं शांतता. त्यानंतर साधारण २० ते ३० टक्के लोकांचं हृदय बिघडतं, काहींची अन्ननलिका किंवा मोठं आतडं फुगतं. बाकीचे बेरेनिससारखे जगतात.

आता या दोन गटांच्या रक्तात काय फरक दिसतो? ज्यांचं हृदय बिघडलंय त्यांच्यात इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ हे दाह पेटवणारे रेणू जास्त. ज्यांना काही झालेलं नाही त्यांच्यात इंटरल्यूकिन-१० जास्त, जो दाह आवरतो. बिघडलेल्या हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर टी-पेशींची गर्दी दिसते, त्यातही सीडी-८ जातीच्या मारेकरी पेशी अधिक. परजीवी मात्र शोधून शोधून एखादा. म्हणजे मामांची प्रतिकारशक्ती कमी होती असं नाही. कदाचित ती थांबायला तयार नव्हती.

उलटही खरं आहे. इंटरफेरॉन गॅमा नसेल तर पहिल्या टप्प्यातच परजीवी माणसाला खाऊन टाकेल. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या चागासच्या रुग्णांत हाच परजीवी मेंदूत उसळतो. त्यामुळे वाढवा किंवा कमी करा असा सरळ सल्ला इथे कुणी देऊ शकत नाही. लागतं ते परजीवीला दाबून धरण्याइतकं बळ आणि वेळेवर आवरतं घेण्याची क्षमता. ही दुसरी गोष्ट प्रत्येकाच्या शरीराची निराळी असते.

नौपाड्याचे_आजोबा
हे नवीनच कळलं. काढा माझ्यापुरता ठेवतो, सुनबाईंना पाठवणार होतो तो नाही पाठवत.

कळवा_पूर्व
हे वाचताना आई आठवली. तिला लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता, पुढे झडप आखडली आणि चाळिशीत ती बदलावी लागली. डॉक्टर म्हणाले होते की घशातल्या जंतूशी लढता लढता शरीराने स्वतःच्याच हृदयावर हल्ला केला. घसा तर चाळीतल्या सगळ्याच पोरांचा दुखायचा, झडप एकट्या आईची गेली. चागास म्हणजे तेच ना?

रक्तपेशी
कळवा, प्रश्न अगदी बरोबर. र्‍हुमॅटिक आजारात जंतू हा बॅक्टेरिया असतो, स्ट्रेप्टोकोकस. त्याचं एक प्रथिन आपल्या हृदयातल्या मायोसिन या स्नायूंच्या प्रथिनासारखं दिसतं आणि प्रतिकार यंत्रणा फसते. तिथेही घसा अनेकांचा सुजतो, पण ताप हृदयापर्यंत जातो थोड्यांच्याच, आणि त्यात एचएलए जनुकांचा (आपलं-परकं ओळखायला लागणाऱ्या जनुकांचा) हात आहे असं बरेच अभ्यास सांगतात.

चागासमध्येही हाच संशय १९७० च्या दशकापासून आहे. साओ पाउलोच्या संशोधकांनी परजीवीच्या बी-१३ या प्रथिनात आणि हृदयाच्या मायोसिनमध्ये साम्य दाखवलं. रुग्णांच्या हृदयातून काढलेल्या टी-पेशी दोघांनाही ओळखत होत्या. शिवाय हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या बीटा-१ आणि एम-२ या ग्राहकांना (पेशीवर संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) चिकटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) अनेक रुग्णांत सापडतात. ठोक्यांची गडबड त्यातून वाढत असावी असं मानतात.

सूक्ष्मदर्शी
इथे मी थोडा अडवतो. स्वतःवर उलटलेली प्रतिकारशक्ती ही कल्पना इतकी पटणारी होती की तिने या आजाराचं बरंच नुकसान केलं. आजार परजीवीचा उरलेलाच नाही असं मानलं की परजीवी मारणारं औषध द्यायचं कशाला? कितीतरी वर्षं जुन्या रुग्णांना औषध नाकारलं गेलं ते या विचारामुळे.

१९९० च्या दशकात या अभ्यासात पीसीआर (डीएनएचे अंश शोधणारी चाचणी) आलं आणि ज्या हृदयात परजीवी नाही असं म्हणत होते तिथे त्याचा डीएनए मिळू लागला. दाह जिथे, तिथे त्याचे अंश. मग १९९७ मध्ये अमेरिकेत रिक टार्लटन यांच्या प्रयोगशाळेने एक सुंदर प्रयोग केला. जुनी लागण असलेल्या उंदरांच्या अंगात नवजात उंदरांची हृदयं बसवली. शरीर स्वतःच्या हृदयावर उलटत असेल तर ही नवी हृदयंही सुजायला हवीत. ती सुजली नाहीत, धडधडत राहिली. त्याच हृदयात परजीवी टोचला, तेव्हा मात्र दाह झाला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परजीवी तिथे आहे म्हणून दाह आहे.

रक्तपेशी
सर, प्रयोग मोलाचा आहे, पण उंदरातला आहे. परजीवी मूळ कारण आहे हे मलाही मान्य. पण परजीवी वहिनीच्या आईच्या शरीरातही आहे! तिचं हृदय ठीक आहे. म्हणजे परजीवी असणं आवश्यक, पण तेवढ्याने भागत नाही. धागाकर्त्याचा प्रश्न तिथेच सुरू होतो. स्वतःच्या प्रथिनांवरचा हल्ला ही सुरुवात नसेल, पण वर्षानुवर्षं पेशी फुटत राहिल्या की आतली प्रथिनं उघडी पडतात आणि मग तोही हल्ला भर घालतो. दोन्ही एकत्र चालू शकतं.

सूक्ष्मदर्शी
एकत्र चालू शकतं, हे मान्य. फक्त कुणी "हा ऑटोइम्यून आहे" म्हणून स्टिरॉइड सुरू करू नये, एवढ्यासाठी माझा हट्ट. हृदय प्रत्यारोपण झालेल्या चागासच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात तेव्हा परजीवी पुन्हा उसळतो, कातडीवर गाठी येतात, नव्या हृदयातही दाह होतो. तिकडचे डॉक्टर त्यावर सतत लक्ष ठेवून असतात.

रक्तपेशी
त्यावर शंभर टक्के अनुमोदन.

गोठेवाला
मी पशुवैद्यक, मूळचा चंद्रपूरचा, सध्या शहापूरला. इतका वेळ नुसता वाचत होतो, पण ट्रिपॅनोसोमा आणि जनुकं हे दोन शब्द एकत्र आले आणि राहवेना. याची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडलीय.

जनावरांत सर्रा नावाचा रोग असतो. घोडे, उंट, म्हशी. परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, चागासच्या परजीवीचाच भाऊबंद, पसरवतात चावऱ्या माशा. ग्रिफिथ इव्हान्स यांनी तो १८८० मध्ये पंजाबात शोधला. आम्हाला कॉलेजात शिकवायचे की माणसाला हा होत नाही, कारण माणसाच्या रक्तात त्याला मारणारा घटक असतो. आणि २००४ मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी सापडला! ताप यायचा, जायचा, परत यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला.

पुढे ब्रसेल्सच्या संशोधकांनी त्याचं रक्त तपासलं. मारणारा घटक म्हणजे एपीओएल-१ नावाचं प्रथिन. या माणसाच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि बापाकडची, बिघडलेल्या होत्या. प्रथिन बनतच नव्हतं. ते प्रथिन बाहेरून त्याच्या रक्तद्रवात मिसळलं तर परजीवी मरायला लागले. हे २००६ मध्ये छापून आलं. एका जनुकामुळे माणूस आणि गुरं यांच्यातली भिंत पडली, आणि तीही आपल्या विदर्भातल्या एका शेतकऱ्यात. मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

स्वातीतारा
बाप रे! हे कुठल्याच पेपरात वाचल्याचं आठवत नाही. गोठेवाला, यावर वेगळा धागा काढाच.

मोखाड्याची_शाळा
अवांतर होईल, पण लिहिते. आमच्या मोखाडा-जव्हारकडे (२०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं हे) सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बराच आहे. त्या जनुकाची एकच प्रत बदललेली असेल तर मलेरिया जीवघेणा होण्यापासून मूल बचावतं, दोन्ही बदललेल्या असतील तर आयुष्यभर दुखणं. वर्गात ही मुलं समोर बसलेली असतात तेव्हा जनुक चांगलं की वाईट असं म्हणताच येत नाही.

रक्तपेशी
आणि एपीओएल-१ चंही तसंच आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्याचे दोन बदललेले प्रकार आढळतात. ते आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या एका परजीवीपासून (तोही ट्रिपॅनोसोमाच) वाचवतात, पण दोन्ही प्रती तशा असतील तर मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढतो. मात्र लक्षात घ्या, चागासच्या परजीवीवर हा घटक चालत नाही. तो तुमच्या-माझ्या रक्तात मजेत राहू शकतो. तिथली जनुकांची गोष्ट निराळी आणि खूप गुंतागुंतीची.

डीएनए_डोंबिवली
मग सरळ वहिनींची जनुकीय चाचणी का करत नाही? आजकाल घरी नळी येते, थुंकून पाठवायची, सगळे धोके कळतात. मी केलीय. मामांचं जनुक वहिनीत आलंय का ते कळेल ना.

रक्तपेशी
डीएनए, नको. पैसे वाचवा. सध्या या आजारासाठी असं एक जनुक कुणाच्याच हातात नाही.

आतापर्यंत काय झालंय ते सांगते. ब्राझीलमधल्या पाहण्यांत दिसलं की हृदयाचा बिघाड काही कुटुंबांत एकवटतो, म्हणजे वारशाचा भाग आहे. मग सीसीआर-५, टीएनएफ, इंटरल्यूकिन-१०, एचएलए अशी एकेक संशयित जनुकं तपासली. एका देशातल्या अभ्यासात संबंध निघायचा, दुसऱ्यात निघायचा नाही. गट लहान, लोकांचे वंश मिसळलेले, आणि परजीवीचेही सहा-सात उपप्रकार, भागाभागात वेगळे. त्यामुळे फरक माणसाच्या जनुकाचा की परजीवीच्या, हेच सुटं करता येत नाही.

मला सगळ्यात पटलेलं काम २०२१ च्या सुमाराचं आहे. त्यात त्यांनी अशीच कुटुंबं घेतली जिथे सगळी भावंडं लागण झालेली, पण काहींचं हृदय बिघडलेलं आणि काहींचं ठीक. खाडीकाठ, अगदी तुमच्या वहिनीचं आजोळ. हृदय बिघडलेल्या भावंडांमध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या) कामाशी संबंधित जनुकांत दुर्मीळ बदल सापडले. प्रत्येक कुटुंबात वेगळा बदल, पण घाव एकाच जागी. हृदयाची पेशी कायम राबणारी, तिला ऊर्जा भरपूर लागते. इंटरफेरॉन गॅमा मायटोकॉन्ड्रियावर ताण टाकतो. ज्याची मायटोकॉन्ड्रिया मुळातच थोडी कमजोर, त्याचं हृदय तो ताण सोसत नाही. परजीवी, दाह आणि वारसा तिन्ही एका जागी येऊन मिळतात, म्हणून मला हे पटतं. पण कुटुंबं थोडीच आहेत, अजून बरंच काम बाकी आहे.

डीएनए_डोंबिवली
पटलं. माझ्या रिपोर्टात हृदयाचा धोका "सरासरी" लिहिलाय, त्याला किती अर्थ आहे ते आता कळतंय.

ईसीजी_ताई
तिकडे रुग्णाचा धोका मोजायला रास्सी स्कोअर वापरतात, २००६ मध्ये छापून आलेला. त्यात सहा गोष्टी बघतात: दम किती लागतो, एक्स-रेत हृदय मोठं आहे का, इकोत भिंत नीट हलते का, होल्टरवर (दिवसभर अंगाला लावून ठेवलेल्या ईसीजीवर) वेगवान ठोक्यांची माळ दिसते का, ईसीजीच्या लाटा बुटक्या आहेत का, आणि रुग्ण पुरुष आहे का. जनुक एकही नाही. सगळं साध्या मशीनवर होणारं.

आणि त्यातला शेवटचा मुद्दा बघा! पुरुष असण्याचे दोन गुण धोक्यात धरतात. मामा आणि बहीण यांच्या फरकाचा थोडा भाग तिथेही असेल.

कळवा_पूर्व
पुरुषांनाच का जास्त?

रक्तपेशी
हार्मोन्सचा दाहावर परिणाम होतो, हा एक भाग. कष्ट, दारू, दवाखान्यात उशिरा जाणं हेही असेल. आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. त्या घरात मामाला किती वेळा किडा चावला? वारंवार लागण झाली का? पहिल्यांदा किती परजीवी आत गेले? एका खोलीत झोपलेल्या दोघांचंही हे सारखं नसतं. जनुकांच्या नादात आपण कुडाची भिंत विसरतो. गरिबाच्या घराच्या भेगा बुजवल्या असत्या तर मामाच्या जनुकांना काही करायची संधीच मिळाली नसती.

सूक्ष्मदर्शी
हे फार महत्त्वाचं बोललीस. ब्राझीलने घराघरांत फवारणी केली, घरं सुधारली, आणि २००६ मध्ये घरात राहणाऱ्या मुख्य किड्यामार्फतचा प्रसार थांबल्याचं प्रमाणपत्र त्यांना मिळालं. हे साधलं ते फवारणीने आणि गिलाव्याने.

त्रिवेंद्रमहून_वाशी
अजून एक अवांतर. आम्ही बरीच वर्षं केरळात होतो. तिकडे पूर्वी हृदयाचं आतलं अस्तर जाड होऊन कप्पा आक्रसण्याचा एक आजार गरीब घरांतल्या मुलांत दिसायचा. त्यातही जंतांमुळे वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशींवर संशय होता, शिवाय मातीतल्या सेरियम धातूवर, कुपोषणावर. नक्की कारण ठरायच्या आत आजारच कमी झाला, राहणीमान सुधारलं तसा.

खाडीकाठ_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा-वहिनी दोघांनाही धागा वाचून दाखवला. कुडाच्या भिंतीबद्दलचं ऐकून वहिनी बराच वेळ आजोळबद्दल बोलत होती. ते घर आता पाडलंय, विटांचं बांधलंय.

आता तिचे प्रश्न. एक, तिला लागण असण्याची शक्यता किती? दोन, असेल तर औषध आहे का, आणि त्याने हृदय वाचतं का? तीन, बाळाचं काय? इथे दोन लॅबना विचारलं, त्यांच्या यादीत ही चाचणी नाही.

डॉक्टर_पाचपाखाडी
मी फिजिशियन आहे. धागा उशिरा बघितला, क्रमाने लिहितो. हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून.

लागण झालेल्या आईकडून बाळाला हा आजार जाण्याचं प्रमाण साधारण ५ टक्के धरतात. म्हणजे वहिनींना नसण्याची शक्यता खूप जास्त. पण त्या खेड्यात वाढल्यात, म्हणून तपासणी हवीच. जुन्या लागणीत रक्तात परजीवी क्वचित दिसतो, त्यामुळे प्रतिपिंडं बघतात, तीही दोन वेगळ्या पद्धतींच्या चाचण्यांनी. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तरच निदान पक्कं. इथे खटपट करण्यापेक्षा ब्राझीलला जाणं होणार असेल तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत करून घ्या. त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट आहे.

औषधं दोन, बेंझनिडॅझोल आणि निफर्टिमॉक्स. साधारण दोन महिन्यांचा कोर्स. अंगावर पुरळ येऊ शकतं, हातापायांना मुंग्या येऊ शकतात, म्हणून देखरेखीखाली. जितक्या लवकर तितकं चांगलं. आता रक्तपेशी आणि सूक्ष्मदर्शी सरांच्या वादाशी जोडलेला भाग. २०१५ मध्ये बेनिफिट नावाच्या चाचणीचे निकाल आले, २८५४ रुग्ण, सगळे असे की हृदय आधीच बिघडलेलं. बेंझनिडॅझोलने रक्तातला परजीवी कमी झाला, पण सरासरी पाच-साडेपाच वर्षांत हृदयाची घसरण लक्षणीय थांबली नाही. तंतू एकदा तयार झाले की परजीवी मारून ते विरत नाहीत. म्हणून मामांच्या वयाला आणि अवस्थेला उपचार मुख्यतः हृदयाचा: पेसमेकर, ठोक्यांची औषधं, गुठळी होऊ न देणं. वहिनींच्या वयाला मात्र, लागण निघाली तर, परजीवीवरचं औषध घेण्याला पूर्ण अर्थ आहे.

आणि बाळ. गरोदरपणात हे औषध देत नाहीत. गरोदर राहण्याच्या आधी घेतलं तर बाळाला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तपासणी, लागलं तर औषध, मग मूल. समजा मधेच दिवस राहिले तरी घाबरायचं कारण नाही. बाळाचं रक्त जन्मल्यावर लगेच तपासतात, आणि आईची प्रतिपिंडं उतरली की आठ-दहा महिन्यांनी पुन्हा. पहिल्या वर्षात उपचार झाले तर ९० टक्क्यांहून जास्त बाळं पूर्ण बरी होतात.

ईसीजी_ताई
डॉक्टरांनी एक लिहायचं राहिलं, मी लिहिते. तपासणी होईपर्यंत वहिनींनी रक्तदान करू नये. आपल्या रक्तपेढ्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया तपासतात, चागास तपासत नाहीत.

खाडीकाठ_ठाणे
बरं झालं सांगितलंत ताई. गणपतीत मंडळाच्या शिबिरात दरवर्षी दोघंही रक्त देतात. यंदा दादा एकटाच देईल.

ईसीजी काल काढला, नॉर्मल आहे. डिसेंबरमध्ये दोघं गोयासला जाणारच होते, तेव्हा रक्ताच्या दोन्ही चाचण्या करतील. त्याआधी मुलाचा विचार थांबवलाय. वहिनीच्या धाकट्या बहिणीची दोन मुलं आहेत, तिचीही तपासणी कधी झालेली नाही. वहिनीने काल रात्री तिला फोन केला. आधी रडली म्हणे, मग म्हणाली, मुलांनाही घेऊन जाते.

सूक्ष्मदर्शी
बहिणीची आणि दोन्ही मुलांची तपासणी व्हायलाच हवी. मुलांना लागण निघाली तरी या वयात औषध छान लागू पडतं, हे तिला आवर्जून सांगा.

बेलापूरकर
खाडीकाठ, मी चार वर्षं साओ पाउलोला होतो, पोर्तुगीज वाचता येतं. तिकडचा रिपोर्ट आला आणि इथल्या डॉक्टरांना समजावून द्यायचा असेल तर मला पाठवा, मी मराठीत आणि इंग्रजीत करून देईन. संपर्काचा निरोप टाकलाय.

खाडीकाठ_ठाणे
निरोप मिळाला. जानेवारीत रिपोर्ट आले की इथेच लिहितो.